हात मोठा, मोजा तोकडा: गरवायला जाताना हातमोजे कसे निवडावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तळव्याचा घेर २६ सेंटीमीटर, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत लांबी साडेवीस. एक्सएल हातमोजे तळव्यावर इतके आवळतात की मूठ वळत नाही, आणि डबल एक्सएल घेतले की बोटांची टोकं पुढे रिकामी लोंबतात. खाडीच्या तोंडाशी आणि कातळावरून गरवता, म्हणजे गळाने मासे पकडता, अधूनमधून मित्रांबरोबर बोटीतून जिगिंगला (जड आमिष खोल सोडून रॉडने वर-खाली झटके द्यायला) जाता. ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या लाइनने तर्जनी कापते, मासा सोडवताना काटे लागतात. तेव्हा मोठ्या हाताला बसतील असे एक चांगले हातमोजे सुचवा.

दोन्ही मापं लिहिलीत हे फार चांगलं केलंत, कारण अडचण त्या दोन मापांतच दिसते. मी रत्नागिरीहून हौशी लोकांना बोटीने गरवायला नेतो. बोटीवर पाहुण्यांसाठी हातमोज्यांची पेटी असते, त्यामुळे नाना तऱ्हेचे हात नाना तऱ्हेच्या मोज्यांत जाताना रोज बघायला मिळतात. त्यावरून सांगतो: तुमचा हात 'मोठा' नाही, रुंद आहे. आणि तुम्हाला एक हातमोजा नको आहे, दोन-तीन वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी सोय हवी आहे. हे दोन मुद्दे पटले की खरेदी सोपी होते.

आधी मापाचं बघू. कारखान्यांत वापरायच्या सुरक्षा हातमोज्यांसाठी एक युरोपीय मानक आहे. जुनं नाव ईएन ४२०, त्याची जागा २०२० मध्ये ईएन आयएसओ २१४२० ने घेतली. त्यात ९ नंबरचा हात म्हणजे घेर २२९ मिलिमीटर आणि लांबी १९२. १० नंबर म्हणजे २५४ आणि २०४. ११ नंबर म्हणजे २७९ आणि २१५. यातला नंबर हा साधारणपणे तळव्याचा इंचांतला घेर असतो, म्हणून लक्षात ठेवायलाही सोपा. आता तुमची मापं यात बसवून बघा. लांबीने तुम्ही बरोबर १० नंबरचे, घेराने १० च्या पुढे गेलेले. तक्ता बनवणारा असं धरून चालतो की हात रुंदावला म्हणजे तो लांबलाही असणार. तुमच्या हाताला ते लागू नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं वल्हं मारलंय, शेतात किंवा बांधकामावर काम केलंय, त्यांच्यातल्या कित्येकांचे हात असेच असतात: तळवा रुंद, बोटांचे सांधे जाड, लांबी मात्र मध्यम.

फिशिंगच्या कंपन्या हे नंबर पाळतातच असं नाही. त्यांचं एल, एक्सएल ज्याचं त्याचं असतं. जपानी बनावटीचा एल बहुतेक वेळा अमेरिकी एमच्या जवळ जातो, म्हणून तिथे एलएल किंवा थ्रीएल शोधावं लागतं. अक्षरावर जाऊच नका. विकणाऱ्याने सेंटीमीटरमध्ये घेर दिला असेल तरच ऑनलाइन मागवा.

माप घेण्याची पद्धतही एकदा तपासा. शिवणकामाची टेप अंगठा सोडून तळव्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून फिरवायची, हात सैल उघडा ठेवून. ज्या हाताने जास्त काम करता त्याचं माप घ्या, तो बहुधा थोडा मोठा असतो. सकाळी थंडाव्यात नको, दुपारनंतर घ्या, कारण उन्हात रॉड धरून बसलं की हात फुगतात. शिवाय एक तिसरं माप घ्या, जे कुठल्याच तक्त्यात नसतं: मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याचा घेर. तळव्याला बसलेला मोजा पुष्कळदा या सांध्यापाशी अडतो.

आता 'टोकं लोंबतात' या तक्रारीकडे येतो. तिची दोन कारणं असू शकतात आणि ती ओळखल्याशिवाय मोठा किंवा लहान मोजा घेण्यात अर्थ नाही. मोजा घालून बोटं पसरा आणि दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात बघा. मोज्याची शिवण बेचक्याला नीट टेकली असेल आणि तरीही टोक रिकामं राहत असेल, तर मोज्याची बोटं खरोखर लांब आहेत. पण शिवण बेचक्यापासून अर्धा सेंटीमीटर वर तरंगत असेल, तर बोटांचा दोष नाही. मोज्याचा तळवा अरुंद असल्यामुळे हात पूर्ण आतच गेलेला नाही, म्हणून टोकं रिकामी दिसतात. असा मोजा बेचक्यातच फाटतो, कारण प्रत्येक वेळी मूठ वळताना सगळा ताण त्या एका टाक्यावर येतो. रुंद हाताच्या माणसांमध्ये हे दुसरं कारण मला जास्त दिसतं. एक्सएल आणि डबल एक्सएल, दोन्ही घालून ही तपासणी करा. दोन्हींत वेगवेगळं उत्तर निघण्याचीही शक्यता आहे.

त्यापुढचा प्रश्न घडणीचा. तळव्याला कृत्रिम चामडं आणि पाठीला साधं कापड असा मोजा रुंदीला ताणत नाही, त्यात तुमचा हात कोंबावा लागेल. तुम्हाला हवा तो पाठीला चारही बाजूंनी ताणणाऱ्या लायक्राचा, किंवा अखंड विणलेला. विणलेल्या मोज्यांवर गेज लिहिलेला असतो: १३, १५, १८. आकडा वाढतो तशी वीण बारीक होते आणि मोजा पातळ. १५ गेजचा नायलॉन-स्पॅन्डेक्सचा, फक्त तळव्याला नायट्रिल फोम लावलेला १० नंबरचा मोजा २६ सेंटीमीटरच्या तळव्यावर आरामात ताणतो आणि बोटांची लांबी तुमच्या मापाचीच राहते. शिवलेला मोजा घेणार असाल तर बोटांच्या बाजूला वेगळी उभी पट्टी शिवली आहे का बघा. ती पट्टी असली की बोटाला जाडी मिळते. पुढचा आणि मागचा तुकडा नुसता एकमेकांना जोडलेला असेल तर बोट चपटं होतं आणि जाड सांधे आत जात नाहीत. निओप्रीन आपल्याकडे टाळा. थंड मुलखात ते ऊब देतं, कोकणच्या दमट उन्हात मात्र तासाभरात आत घामाचं डबकं होतं.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गरवताना तुमचे दोन हात दोन वेगळी कामं करतात, आणि मासा सोडवणं हे तिसरं काम. एकच मोजा तिन्ही करेल अशी अपेक्षा धरली की तो तिन्हींत कमी पडतो.

पहिलं काम फेकण्याचं. स्पिनिंग रीलवर फेकताना लाइन तर्जनीच्या पेरावर धरून सोडायची असते. पीई ३ ची (पीई हा लाइनच्या जाडीचा नंबर) ब्रेडेड लाइन जाडीला जेमतेम ०.२८ मिलिमीटर, आणि तिच्यावर जड आमिषाचं ओझं झटक्याने येतं. तर्जनी कापते ती इथे. यासाठी अख्खा मोजा घालणं म्हणजे नको तिथे जाडी आणणं: लाइन कधी सुटली ते बोटाला कळत नाही आणि फेक वाकडी जाते. इथे नुसती बोटाची टोपी पुरते, लवचीक कापडाची, पुढे पातळ चामडं लावलेली. तीही जाड बोटाला मिळाली नाही तर औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी घ्या, झिंक ऑक्साइडची. हात कोरडा असताना पहिल्या दोन पेरांवर गुंडाळा, सांध्यावर सैल ठेवा, आणि नखाचा रंग गुलाबीच राहतो ना ते बघा. हाताने तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ओढणारे जुने लोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा तर्जनीवर चढवतात, तोही याच कामाचा. या सगळ्यात तळव्याच्या मापाचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या निम्म्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे.

दुसरं काम रॉड धरण्याचं, विशेषतः जिगिंगमध्ये. उजव्या हाताने रील फिरवत असाल तर डावा हात तासन्‌तास रॉडवर आवळलेला असतो. तिथे घर्षण अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात आणि बोटांच्या मुळाशी होतं, टोकांशी नाही. म्हणून बोटं अर्धी उघडी असलेला मोजा घ्या. हा प्रकार तुमच्यासारख्या हातांना सर्वांत सोयीचा, कारण बोटांची टोकंच नाहीत तर लोंबणार काय? घेर जुळवून डबल एक्सएल किंवा ११ नंबर निःशंक घ्या. तळव्याला कृत्रिम चामडं, पाठीला लायक्रा, मनगटाला वेल्क्रो. वेल्क्रोची पट्टी तुमच्या मनगटाभोवती पूर्ण फिरून किमान दोन बोटं एकमेकांवर बसली पाहिजे. अर्धवट चिकटलेलं वेल्क्रो खारं पाणी लागलं की सुटतं. अस्सल चामडं सुरुवातीला मऊ वाटतं, पण खाऱ्या पाण्यात भिजून सुकलं की कडक होतं आणि आकसतं. ज्याला आधीच माप पुरत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. उजव्या हाताला, म्हणजे रील फिरवणाऱ्या हाताला, मोजा लागतोच असं नाही. उन्हासाठी पातळ लायक्राचा, बोटं उघडा मोजा पुरे. त्यावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर पन्नासातला एकच भाग अतिनील किरण आत येतात, आणि तो इतका ताणतो की मापाची काळजी नको.

तिसरं काम मासा हाताळण्याचं, आणि इथे मला जरा थांबून सांगायचंय, कारण इथे लोक जखमी होतात.

जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. तांबोशी आणि गोबऱ्याच्या पाठीवरच्या परात काटे असतात. सुरमईचे दात तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. या चौघांसाठी, माशाला धरणाऱ्या हातात, कापण्याला टिकणारा विणलेला मोजा उपयोगाचा. त्यावर ईएन ३८८ हे मानक आणि खाली आकडे-अक्षरं छापलेली असतात. शेवटी ए ते एफपैकी एक अक्षर येतं, ते कापण्याला विरोध दाखवतं, एफ सर्वांत वरचं. आपल्या कामाला सी किंवा डी भरपूर झालं, वरच्या पातळीचे मोजे जाड आणि ताठ होत जातात. त्याआधीच्या चार आकड्यांतला चौथा टोचण्याला विरोध दाखवतो. तो मोठा असला तरी भुलू नका. ती चाचणी एका ठरावीक बोथटसर सुईची असते, गळाच्या टोकाची नव्हे.

आणि एक गोष्ट कृपा करून पाळा. तीन तोंडांचा गळ असलेलं पॉपर किंवा प्लग (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) माशाच्या तोंडात असेल तर विणलेला, न कापला जाणारा मोजा घालून माशाच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. मासा उसळला, गळाचं एक तोंड वीणीत अडकलं, तर तो धागा तुटत नाही. धागा तुटू नये म्हणूनच तो मोजा बनवलेला असतो. मग तडफडणारा मासा आणि तुमचा हात एकाच गळाला बांधले जातात. अशा वेळी लांब पक्कड आणि माशाचा जबडा धरायची ग्रिप, बस. मोजा साधा किंवा नाहीच.

शिंगाळ्याबद्दल तुम्ही काटे म्हणालात, तो शिंगाळाच असावा असा माझा अंदाज आहे, कारण खाडीत तोच जास्त लागतो. त्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे तीन करवतीसारखे काटे, आणि त्यांना विष. ते थांबवेल असा गरवताना घालता येणारा मोजा माझ्या पाहण्यात नाही. शिंगाळा हातात घ्यायचाच नाही. पकडीने गळ फिरवून सोडवा, नाहीतर लाइन कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल, सूज वर चढत असेल, किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

मासा परत सोडायचा असेल तर कोरडा मोजा लावू नका. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण असतं, कोरडी वीण तो खरवडून काढते. ओला उघडा हात सर्वांत बरा, नाहीतर मोजा आधी समुद्रात बुडवून घ्या.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमच्यासाठी यादी अशी होते: उजव्या तर्जनीला टोपी किंवा पट्टी, डाव्या हाताला अर्ध्या बोटांचा ११ नंबर, आणि मासा धरण्यासाठी १५ गेजचा विणलेला १० नंबर, तोही एकाच हाताला.

सैल मोजा चालवून घेऊ नका, असं मी पाहुण्यांनाही बजावतो. मोठा मासा बोटीजवळ आल्यावर कुणीतरी लीडर, म्हणजे गळाजवळचा लाइनचा जाड तुकडा, हातात घेतो. तेव्हा सैल मोज्याचं कापड चुरगळतं, लाइन त्या चुणीत रुतते आणि मासा खाली पळाला की सुटत नाही. लीडर हाताभोवती गुंडाळायचा तर नाहीच, कितीही चांगला मोजा असला तरी. तो तळव्यातून सरकू द्यायचा. उलट मोजा इतका घट्टही नको की अडचणीत निघणार नाही. माझी कसोटी अशी: मोजा ओला करून घाला, हात खाली सोडा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून एका हिसक्यात ओढा. निघाला पाहिजे. अर्ध्या बोटांच्या मोज्याला ओढायला टोकंच नसतात, म्हणून काही कंपन्या दोन बोटांच्या मध्ये छोटी कापडी फीत शिवतात. ती असलेला घ्या.

दुकानात घालून बघताना नुसती मूठ वळून भागत नाही. आपला रॉड बरोबर न्या. रीलचा पाय दोन बोटांमध्ये घेऊन रॉड धरा आणि बोटांच्या मधली शिवण तिथे चेपते का बघा, कारण दुकानात किंचित बोचणारी शिवण दुपारपर्यंत फोड आणते. रीलची तार उघडून मिटून बघा. लाइनला गाठ मारून बघा. आणि मूठ आवळून मिनिटभर थांबा: बोटांत मुंग्या आल्या तर तो मोजा ठेवून द्या, 'वापरून सैल होईल' या बोलण्यावर जाऊ नका. लायक्रा आणि वीण फार सैलावत नाहीत.

कुठे मिळतील हे गावावर अवलंबून आहे. फिशिंगच्या दुकानांत आपल्याकडे एक्सएलच्या वर माल क्वचित ठेवतात. डेकॅथलॉनमध्ये घालून बघता येतात, हा मोठा फायदा. पण विणलेल्या मोज्यांसाठी माझा पहिला सल्ला सुरक्षा साहित्याच्या दुकानांचा: मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आमच्याकडे मिरजोळे किंवा लोटे एमआयडीसीच्या आसपासची दुकानं. कारखान्यांना सगळ्या मापांचे हात लागतात, म्हणून १० आणि ११ नंबर तिथे सहज असतो, किंमतही फिशिंगचा शिक्का मारलेल्या मालापेक्षा बरीच कमी. घाऊक डब्याऐवजी एक जोडी देतील का, ते दुकानदारावर आहे. मोटरसायकलचे मोजे नकोत, सांध्यांवरच्या कडक कवचामुळे मनगट रॉडवर फिरत नाही. सुती मोजेही नकोत, पाणी पितात आणि जड होतात.

तळव्याला घट्ट पण बाकी उत्तम असा मोजा तुमच्याकडे आधीच पडून असेल तर तो टाकू नका. चामड्याचं काम करणाऱ्या किंवा बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. करंगळीच्या बाजूची शिवण मनगटापासून करंगळीच्या मुळापर्यंत उसवून तिथे दीड-दोन सेंटीमीटर रुंद लायक्राची पट्टी बसवायला सांगा. धागा नायलॉनचा, सुती नको, तो खाऱ्या पाण्यात कुजतो. बोटं लांब असतील तर मधल्या सांध्याच्या थोडं पुढे कापून घ्या, पण कापल्याबरोबर कडेला चार घट्ट टाके मारून घ्या, नाहीतर शिवण मागे उसवत जाते. विणलेला मोजा मात्र कापू नका, त्याची वीण सुटते.

धुण्याचंही विचारलं होतंत. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यात भिजवून, उलटे करून, सावलीत वाळवा. मीठ कापडात सुकलं की त्याचे कण शिवण खातात. मशीनमध्ये टाकायचे असतील तर वेल्क्रो बंद करून, थंड पाण्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माझी बोटही किनाऱ्यावर असते. त्या दोन महिन्यांत दमट हवेत पेटीत ठेवलेल्या मोज्यांना बुरशी धरते, म्हणून मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोरड्या फळीवर ठेवतो.

बेचक्याची तपासणी आणि मधल्या सांध्याचा घेर, हे दोन्ही करून मला कळवा. सांधा साडेसात सेंटीमीटरच्या पुढे गेला असेल तर मासा धरण्याच्या मोज्यालाही १० नंबरऐवजी ११ घ्यावा लागेल, आणि मग टोकं थोडी रिकामी राहिली तरी त्या एका कामात ती चालतात.